मीडियन किमतीवरून शहर ठरवू नका: शिकागो, फिलाडेल्फिया आणि ‘वर येणाऱ्या’ वस्त्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सध्या न्यूजर्सीतल्या एडिसनला भाड्याने राहताय. दोघांनाही शिकागो किंवा फिलाडेल्फियाच्या ऑफिसात बदली मिळू शकते. घरासाठी साडेचार लाख डॉलरपर्यंत जायची तयारी आहे. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो आणि फिलाडेल्फिया यांच्या मीडियन किमतींचा तक्ता केलात, त्यात फिलाडेल्फिया सगळ्यात स्वस्त निघालं. आता तिथे जेंट्रिफिकेशन (म्हणजे पैसेवाले येऊन वस्ती महाग होणं) सुरू होऊ घातलेली वस्ती आधीच कशी हेरायची, हे विचारताय. आणि शेवटी जरा बिचकत विचारलंय की असं घर घेणं म्हणजे कुणाला तरी हुसकावणं तर नाही ना.

मी शिकागोत अप्रेझर आहे. बँक कर्ज मंजूर करण्याआधी घराची किंमत ठरवून देणं हे माझं काम. त्याआधी काही वर्षं फिलाडेल्फियात हेच करत होते, त्यामुळे उत्तर या दोन शहरांकडे झुकलेलं असेल. मी एजंट नाही, तुम्ही कुठेही घर घेतलंत तरी माझ्या खिशात काही पडत नाही.

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारले आहेत. कुठलं शहर स्वस्त, कुठली वस्ती वाढेल, आणि वस्ती वाढली की त्याचं बिल कोण भरतं. पहिल्याचं उत्तर तुमच्या तक्त्यात नाही. दुसऱ्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेक वेळा किमतीत मुरलेलं असतं. तिसऱ्याचं उत्तर मात्र सरकारी कागदावर उघड लिहिलेलं असतं आणि घर घेणारे नेमकं तेच बघत नाहीत. म्हणून मी जास्त वेळ तिसऱ्यावर घालवणार आहे.

आधी तक्ता. मीडियन म्हणजे त्या काळात विकल्या गेलेल्या घरांपैकी निम्मी ज्या किमतीच्या वर आणि निम्मी खाली, ती किंमत. काय विकलं गेलं यावर ती ठरते. फिलाडेल्फियात बहुतांश घरं रो-हाउस, पंधरा-सोळा फूट रुंद, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. शिकागोत तळ्याकाठी काँडोंची (मालकीच्या फ्लॅटची) रांग, आत गेलं की विटांचे टू-फ्लॅट (एकावर एक दोन घरं) आणि बंगले. न्यूयॉर्कमध्ये तर मॅनहॅटनच्या विक्रीत को-ऑपचा मोठा वाटा. तो प्रकार मुंबई-पुण्याच्या माणसाला लगेच कळेल, कारण तिथेही तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, संस्थेचे शेअर घेता आणि त्यावर राहायचा हक्क मिळतो. पण न्यूयॉर्कच्या मेंटेनन्समध्ये इमारतीचा प्रॉपर्टी टॅक्स असतो आणि बऱ्याचदा इमारतीवरच्या कर्जाचा हप्तासुद्धा. त्यामुळे को-ऑपची किंमत कमी दिसते आणि महिन्याचा आकडा डोळे पांढरे करतो. अशा तीन वेगळ्या वस्तू एका रकान्यात लिहून त्यांची तुलना होत नाही.

शिवाय मीडियन हलायला घरांच्या किमती हलाव्याच लागतात असं नाही. जानेवारी २०२१मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३मध्ये तो पावणेआठच्या आसपास गेला. ज्यांच्याकडे तीन टक्क्यांचं कर्ज आहे ते घर विकायचं नाव काढत नाहीत. बाजारात येणारा मालच बदलला, की एकाही घराची किंमत न बदलता मीडियन बदलते.

यावर उपाय म्हणून लोक केस-शिलर निर्देशांक दाखवतात. तो एकच घर दोनदा विकलं गेल्यावर किती फरक पडला ते मोजतो, म्हणून मीडियनपेक्षा खूपच प्रामाणिक. पण जानेवारी २००० म्हणजे १०० धरून तो फक्त वेग सांगतो. शिकागोचा आकडा वॉशिंग्टनपेक्षा कमी आहे म्हणजे शिकागो स्वस्त, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यातलं ‘शिकागो’ म्हणजे उपनगरांसकट सगळा पट्टा, आणि मुख्य निर्देशांकात काँडो धरलेलेच नाहीत. तुमच्यासारख्या शहरात राहू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग मर्यादित.

मग तुलना कशी करायची? एकाच किमतीचं घर दोन्ही शहरांत धरा आणि दरवर्षी खिशातून काय जातं ते मांडा. साडेचार लाखांचं घर, दोघांचा मिळून पगार २ लाख. फिलाडेल्फियात प्रॉपर्टी टॅक्सचा दर जवळपास १.४ टक्के. स्वतः राहणाऱ्याला मूल्यांकनातून १ लाखाची होमस्टेड सूट मिळते, म्हणजे साडेतीन लाखांवर वर्षाला ४,९००च्या आसपास. शिकागोत भागानुसार साधारण दीड ते दोन टक्के पडतो. मधला धरला तर पावणेआठ-आठ हजार. झाली का फिलाडेल्फियाची तीन हजारांची बचत? थांबा. फिलाडेल्फिया शहर राहणाऱ्याच्या पगारावर वेज टॅक्स घेतं, पावणेचार टक्क्यांच्या जवळ. त्यात पेन्सिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के मिळवा. इलिनॉयचा आयकर ४.९५ टक्के आहे आणि शिकागो शहराचा वेगळा पगारकर नाही. २ लाखांवर हा फरक पावणेचार हजारांच्या घरात जातो, फिलाडेल्फियाच्या विरुद्ध. म्हणजे तुमच्या पगाराला दोन्ही शहरं जवळजवळ सारखीच पडतात. पगार वाढला तर शिकागो बरं, एक जण घरी बसणार असेल तर फिलाडेल्फिया बरं. खरेदीच्या वेळचा ट्रान्सफर टॅक्स मात्र विसरू नका. फिलाडेल्फियात शहर आणि राज्य मिळून साडेचार टक्क्यांच्या आसपास, सहसा विकणारा आणि घेणारा निम्मा-निम्मा भरतात, म्हणजे तुमच्यावर दहा हजारांच्या वर. शिकागोत घेणाऱ्याचा वाटा हजारी साडेसात डॉलर, म्हणजे ३,३७५. पाच वर्षांत पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल तर हा फरक मोठा आहे.

फिलाडेल्फियातला एक सापळा इथेच सांगते, कारण तुमच्या बजेटमध्ये तो हमखास समोर येणार. फिशटाउन किंवा पॉइंट ब्रीझमध्ये नव्या घराच्या जाहिरातीत वर्षाचा टॅक्स हजार-बाराशे डॉलर लिहिलेला दिसेल. ती शहराची दहा वर्षांची करसवलत. नव्या बांधकामाला २००० सालापासून ती मिळायची, इमारतीवर कर नाही, फक्त जमिनीवर. २०२२पासून नव्या घरांसाठी ती वर्षागणिक कमी होत जाणारी केली आहे, पण आधीच्या घरांना जुनी सवलत चालू आहे आणि ती घराबरोबर नव्या मालकाकडे येते. फक्त उरलेल्या वर्षांपुरती. २०१८च्या घराची सवलत २०२८च्या सुमाराला संपते आणि बिल एका वर्षात चार-पाच पट होतं. सवलत नेमकी कधी संपते हे विचारल्याशिवाय ऑफर लिहू नका. दोन वर्षं उरलेलं घर आणि आठ वर्षं उरलेलं घर एकाच किमतीला विकायला ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आता वस्ती हेरण्याबद्दल. शिकागोत एक जुनी मालगाडीची उन्नत रेल्वेलाइन आहे, तिच्यावर ‘६०६’ नावाचा चालायचा-सायकलचा मार्ग करून जून २०१५मध्ये खुला केला. लांबी २.७ मैल. डीपॉल विद्यापीठाच्या गृहनिर्माण संस्थेने तिच्या आजूबाजूच्या किमती तपासल्या. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला, म्हणजे लोगन स्क्वेअर आणि हम्बोल्ट पार्कच्या बाजूला, २०१३मध्ये काम सुरू झाल्यापासून तीनेक वर्षांत किमती सुमारे ४८ टक्के वाढल्या. पूर्वेला, विकर पार्क-बकटाउनच्या बाजूला, वाढ १४ टक्क्यांच्या आसपास. मार्ग एकच. पूर्वेकडची घरं आधीच महाग होती, तिथे मार्गाने थोडी भर घातली. पश्चिमेला वाढायला जागा होती.

यातली तुमच्या कामाची गोष्ट तारखांत आहे. वाढ मोजली गेली ती काम सुरू झाल्यापासून. सायकली धावायला लागल्या तेव्हा ‘लवकर’ची वेळ सरत आली होती. अटलांटाच्या बेल्टलाइनचीही तीच तऱ्हा. कल्पना १९९९च्या एका पदव्युत्तर प्रबंधातली, पूर्वेकडचा पट्टा २०१२मध्ये खुला झाला, आणि मधल्या काळात नकाशा हातात असलेल्यांनी जमिनी घेऊन ठेवल्या. चांगली कॉफी मिळायला लागली की वस्ती वर येतेय असं लोक समजतात. माझ्या मते कॅफे हे फार उशिराचं चिन्ह. मी बघते ते परवाने. दोन्ही शहरांत बांधकामाचे आणि पाडकामाचे परवाने सार्वजनिक आहेत. शिकागोच्या डेटा पोर्टलवर आणि फिलाडेल्फियाच्या ‘ॲटलस’ साइटवर पत्ता टाकला की दिसतात. एका ब्लॉकवर छपराच्या आणि बॉयलरच्या दुरुस्त्या असतील तर जुने मालक टिकून आहेत. पाडकामाचे परवाने आणि एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावरच्या रोखीच्या खरेद्या दिसायला लागल्या, की बिल्डर तुमच्या आधी पोहोचलेला आहे.

शिकागोत आणखी एक प्रकार आहे जो रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. टू-फ्लॅट म्हणजे खाली एक कुटुंब, वर एक, पुढे-मागे जिना. पैसेवाला घेणारा येतो, जिना आत घेतो, दोन स्वयंपाकघरांचं एक करतो आणि एका कुटुंबाचं घर बनवतो. विटांची दर्शनी बाजू तशीच. वस्तीतलं एक भाड्याचं घर गेलं, आणि मीडियनसाठी एक स्वस्त विक्री कमी होऊन एक महाग विक्री वाढली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इथे काही बदललंच नाही.

वाढत्या वस्तीत माझ्या धंद्यातली एक अडचण तुम्हाला थेट भोवू शकते. मी किंमत ठरवते ती झालेल्या विक्रींवरून, शक्यतो जवळच्या, ताज्या आणि तशाच घरांच्या. वेस्टर्नच्या पश्चिमेच्या घराला पूर्वेची विक्री लावायची तर मला तसं कारण लिहून द्यावं लागतं. तुम्ही चढाओढीत साडेचार लाखांची ऑफर दिलीत आणि आजूबाजूच्या विक्री ४ लाख २० हजारांच्या वर जात नसतील, तर अप्रेझल तिथेच थांबणार. बँक त्या आकड्यावर कर्ज देईल आणि वरचे ३० हजार तुम्हाला रोख आणावे लागतील. ‘वर येणारी’ वस्ती हवी असेल तर हा पैसा बाजूला ठेवूनच उतरा.

एजंटला ‘इथे कसे लोक राहतात’, ‘आपले लोक कुठे आहेत’ असं विचाराल तर तो गप्प बसेल. बसायलाच हवं. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश बघून ग्राहकाला एखाद्या भागाकडे वळवणं बेकायदा आहे. ही माहिती तुमची तुम्हालाच काढावी लागेल. संध्याकाळी सात वाजता आणि रविवारी सकाळी त्या ब्लॉकवर फिरा, बसस्टॉपवर उभ्या असलेल्यांशी बोला.

सगळीच पडझड किंवा स्थलांतर जेंट्रिफिकेशनमुळे नसतं, हेही लक्षात ठेवा. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या २०००मध्ये साडेदहा लाखांच्या आसपास होती, २०२०च्या जनगणनेत आठ लाखांच्या खाली आली. यातले पुष्कळ लोक साउथ आणि वेस्ट साइडच्या अशा भागांतून गेले जिथे किमती वाढल्याच नाहीत. शाळा बंद झाल्या, दुकानं गेली, कर्ज मिळेना. अशा भागात मीडियन बघून कुणी स्वस्त घर घेतलं आणि वस्ती वर येण्याची वाट बघत बसलं, तर ती वाट फार लांबची असू शकते. वॉशिंग्टनमध्ये उलट झालं. शॉ, यू स्ट्रीट, एच स्ट्रीट या भागांत गोरा पगारदार वर्ग आला, किमती चढल्या, आणि २०२०च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांचं प्रमाण ४१ टक्क्यांवर आलं. शहरं दोन, दोन्हीकडे घट, कारणं वेगळी.

आता बिलाचा मुद्दा. पिल्सन ही शिकागोतली मूळची चेक आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेक्सिकन वस्ती. २०२१मध्ये शहराचं फेरमूल्यांकन झालं आणि २०२२च्या अखेरीला हातात आलेल्या बिलांत तिथलं घराचं मीडियन प्रॉपर्टी टॅक्स बिल सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेलं होतं. एका वर्षात. घरात काही बदल न करता, फक्त शेजारची घरं महाग विकली गेली म्हणून. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीत रचना अशी आहे की शाळा, शहर, बागा यांना लागणारी रक्कम आधी ठरते आणि मग ती सगळ्या मालमत्तांवर वाटली जाते. तुमची वस्ती बाकीच्यांपेक्षा वेगाने वाढली तर तुमचा वाटा फुगतो. शिकागो शहराचं फेरमूल्यांकन दर तीन वर्षांनी, पुढचं २०२७मध्ये. आता घर घेतलंत तर ते तुमच्याच डोक्यावर आहे. फिलाडेल्फियात दर ठरलेला असतो, मूल्यांकन चढलं की बिल चढतं. तिथे दहा वर्षांहून जास्त राहिलेल्या आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या मालकांसाठी ‘लूप’ नावाची सोय आहे, पण ती नव्याने येणाऱ्याला लागू नाही. एडिसनला राहताय म्हणजे जर्सी सिटीची कहाणी कानावर आली असेल. तिथे १९८८नंतर थेट २०१८मध्ये फेरमूल्यांकन झालं आणि तीस वर्षांत वधारलेल्या डाउनटाउनच्या मालकांना एकदम झटका बसला.

जाहिरातीतला टॅक्स म्हणजे आत्ताच्या मालकाचा टॅक्स. अशा वस्तीत विकणारं माणूस बऱ्याचदा वयस्क असतं. कुक काउंटीत पासष्टच्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या मालकाला मूल्यांकन गोठवून मिळतं, त्याला सगळे ‘सीनियर फ्रीझ’ म्हणतात. २,८०० डॉलरचं बिल बघून तुम्ही हप्ता काढाल, आणि नाव बदलल्यावर सवलत गळून पडली की तेच बिल ७,००० होईल. असेसरच्या (मूल्यांकन करणाऱ्या काउंटी कार्यालयाच्या) साइटवर त्या घराचा पिन नंबर, म्हणजे मालमत्तेचा क्रमांक, टाका, कुठकुठल्या सवलती लागल्यात ते दिसतं. त्या वजा करून पुन्हा हिशेब मांडा. मिशिगन, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा इथे तर कायद्यानेच जुन्या मालकाचं करपात्र मूल्य दाबून धरलेलं असतं आणि विक्रीबरोबर ते मोकळं होतं. ही सवय तिथेही उपयोगी पडेल.

हुसकावण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, फारसं कुणी विचारत नाही. अभ्यासांत चित्र सरळसोट नाही. फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी क्रेडिटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बदलत्या वस्त्यांतले गरीब रहिवासी एकंदरीत इतरांपेक्षा जास्त प्रमाणात बाहेर पडताना दिसले नाहीत. जे राहिले त्यांचे क्रेडिट स्कोअर सुधारले. पण त्यांच्यातले जे बाहेर पडले ते आणखी गरीब वस्त्यांत गेले. म्हणजे झळ कुणाला बसते? बहुधा भाडेकरूला, आणि बिल न झेपणाऱ्या जुन्या मालकाला. शिकागोने २०२१मध्ये पिल्सन आणि ‘६०६’च्या परिसरात घर पाडायला १५,००० डॉलरचा अधिभार लावला तो याच कारणासाठी.

तुमच्या हातात जे आहे ते एवढं: आधीच रिकामं पडलेलं किंवा मालक राहत असलेलं घर घेणं, आणि भाडेकरू राहत असलेलं टू-फ्लॅट ‘रिकामं करून द्या’ या अटीवर घेणं, यांत फरक आहे. विक्रीने भाडेकराराला धक्का लागत नाही, मुदत संपेपर्यंत तो भाडेकरू तुमचा. वरच्या मजल्यावर तो राहिला तर त्याच्या भाड्याचा तुमच्या हप्त्यालाही हातभार लागतो. हे परोपकार म्हणून सांगत नाही, वाढत्या बिलाच्या वस्तीत आम्ही पाहतो त्यांत हीच मांडणी सगळ्यात टिकाऊ ठरते. लोगन स्क्वेअरमध्ये साडेचार लाखांत धड टू-फ्लॅट मिळणं आता अवघड आहे, ब्लू लाइन मेट्रोवर थोडं पुढे ॲव्हनडेलच्या पलीकडे बघा. फिलाडेल्फियात असाल तर शेजारचा प्लॉट मोकळा आहे का ते आधी बघा. तिथे पाया खणायला सुरुवात झाली की सामाईक भिंतीला तडे जाण्याच्या तक्रारी नेहमीच्या.

शिकागो ठरलं तर एक गोष्ट वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. इथे टॅक्स एक वर्ष मागे चालतो. २०२५चं बिल २०२६मध्ये भरायचं. त्यामुळे क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, विकणारा त्याच्या मुदतीतला टॅक्स तुम्हाला वळता करून देतो, आणि तो काढतात मागच्या बिलावरून, सहसा १०५ टक्के धरून. मागचं बिल फ्रीझवालं असेल किंवा फेरमूल्यांकन तोंडावर असेल, तर हे पाच टक्के कुठल्या कुठे जातात आणि विकणाऱ्याच्या काळातला टॅक्स तुम्ही भरता. इथल्या नेहमीच्या करारात वकिलाला तपासायला पाच कामाचे दिवस मिळतात. त्यातच ११० टक्के मागा, किंवा खरं बिल आल्यावर पुन्हा हिशेब करायचा असं कलम घालून घ्या. त्यानंतर मागाल तर कुणी देत नाही.